तिसरा कोण आयला?

१

पोलीस चौकीत हवालदाराने प्रेमा हडकरला सांगितलं, "बाई, टेप हरवली ना? मग दुसरी घ्या." त्यानंतर ती माझ्याकडे आली. लोकांचं हे असंच असतं. सगळीकडून हात हलवत परत आले, की मग सुलक्षणा आठवते.

तर मी सुलक्षणा तळवडेकर, मुलुंडची. धंदा चौकशीचा. पण पिस्तूल-बिस्तूल काही नाही हां, पर्समध्ये छत्री आणि खोकल्याच्या गोळ्या. मी स्थळांची चौकशी करते. मुलगा खरंच इंजिनीअर आहे की इंजिनीअरच्या शेजारी राहतो, संध्याकाळी घरी येतो की दुसऱ्याच्या खांद्यावर येतो, हे लग्नाआधी मुलीच्या बापाला सांगायचं. त्यासाठी लोकांच्या घरी बसायचं, चहा प्यायचा आणि ते जे सांगत नाहीत ते ऐकायचं. टेप शोधणं माझं काम नव्हे. तसं मी प्रेमाला सांगितलंही.

"पण ती टेप म्हणजे एका बाईचा आवाज आहे हो," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. आता रडणाऱ्या माणसाला दारातून कोण परत पाठवणार?

प्रेमा बडोद्याला बँकेत होती. तिचे वडील रामनाथबुवा हडकर वर्षापूर्वी वारले. ख्याल गाणारा, बंदिशी बांधणारा मोठा माणूस, आणि डोक्याने थोडा सटकलेला. हे मुलीचेच शब्द. अंधेरीला, वेसाव्याच्या वाटेवर त्यांचं घर. पहाटे समुद्रावर जाऊन तानपुरा लावायचे, आणि कोळणींची गाणी ऐकून ती आपल्या पद्धतीने बसवायचे. घरात एक मोठा स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. काय रेकॉर्ड करतील नेम नसायचा.

"अडुसष्ट साली त्यांनी कमळमावशींचं गाणं टेप केलं," प्रेमा म्हणाली. "वेसाव्याच्या कोळीण. आमच्याकडे मासळी घालायच्या. पुढे दोन-तीन वर्षांत त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसतं कुजबुजतात. त्यांच्या नातीचं लग्न आहे, शेवंतीचं. मावशी पहिल्यांदाच काहीतरी मागायला आल्या. म्हणाल्या, पोरीच्या हळदीला माझा आवाज वाजव. तिने तो कधी ऐकलाच नाही."

"आणि टेप नाही."

"नाही. बाबांच्या सगळ्या टेपा लोखंडी ट्रंकेत आहेत. ही एकच ते स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे."

"तांदळात?"

"दमट हवेने बुरशी धरते म्हणून. बाकीच्या गेल्या तरी चालतील, ही जाता कामा नये, म्हणायचे. मी डब्यात हात घातला तर टेपचं खोकं आहे, आत टेप नाही."

घर वर्षभर बंद होतं. ते एकदाच उघडलं, महिन्यापूर्वी, वर्षश्राद्धाला. बाहेरची तीनच माणसं आली होती. बुवांचा पुतण्या मधुकर, तबलजी. शिष्या क्षमा वैद्य. आणि धोंडिराम, साकीनाक्याला टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा.

"तिघंही घरातल्यासारखीच हो," प्रेमा म्हणाली. "कुणाला चोर म्हणू?"

मी चहाचा कप खाली ठेवला. हळद पुढच्या रविवारी होती.

२

आधी वेसाव्याला गेले. चोराला भेटण्याआधी ज्याचं गेलं त्याला भेटावं, हा माझा नियम.

दारासमोर बांबूंवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या खाली बसून एक म्हातारा जाळ्याची भोकं भरत होता. कमळमावशी ओट्यावर लसूण सोलत होत्या. अंगाने आडव्या, कानात सोन्याचं काहीबाही, आणि गळ्यावर ऑपरेशनचा आडवा व्रण. बोलल्या तेव्हा वारा दारातून आत शिरावा तसा आवाज आला.

"माजा गला गेला, बाय. म्हावरा विकताना हातानी भाव सांगतंय." आणि हसल्या. आवाज नसलेलं हसू मी पहिल्यांदाच पाहिलं.

"गाणं कुठलं होतं, मावशी?"

नात शेवंती पुढे झाली. टपोऱ्या डोळ्यांची, तोंडाने फटकळ. "होरीचा गाणा," ती म्हणाली. "होरी म्हणजे आमची होडी. होड्या परत येताना दिसल्या ना, की बायका किनाऱ्यावर एकेकाचं नाव घेतात. कोण कोण आला ते मोजायला. ज्याची होडी, त्यातली माणसं. आमच्या घरचं गाणं म्हणजे आमच्या होडीतली चौघं."

"टेप केलं त्या दिवशी होरी दर्यावर व्हती," मावशी कुजबुजल्या. "वादळ व्हता. यायची येल गेली तरी आयली नव्हती. बुवा बोलला, कमळ, गा. मी बोललू, आता? तो बोलला, आताच."

"म्हणून ती टेप बुवांच्या जिवाची होती," शेवंती म्हणाली.

मी नेहमीच्या सवयीने माहिती विचारत होते. घरात कोण, किती वर्षं इथे, यजमानांचं नाव काय. मावशींनी हातातल्या लसणाच्या पाकळीने म्हाताऱ्याकडे खूण केली.

"आजोबांचं नाव धर्मा," शेवंतीने सांगितलं. "जरा मोठ्याने बोला, कानाने कमी ऐकतात. तोंडाकडे बघून समजतात."

धर्मा नाखवाने जाळ्यातून मान वर केली, बायकोकडे बघितलं, काय ते समजला आणि पुन्हा खाली घातली.

निघताना मावशींनी माझा हात धरला. "मना काय नको, बाय. पोरगी सासरी जाते. आजीचा गला कसा व्हता, एवढा तिला कलू दे."

मी तिथल्या तिथे शब्द देऊन बसले. नको तिथे शब्द देण्याची ही माझी जुनी खोड आहे.

३

मधुकर हडकर गोरेगावला, स्टुडिओच्या रस्त्याला राहतो. सिनेमात तबला वाजवतो आणि दुपारी बारापर्यंत झोपतो. दार उघडलं तेच वैतागून.

"टेप? काकांनीच पुसली असेल. त्यांचा काय भरवसा! एकदा माझा अख्खा सोलो पुसून त्यावर प्रेशर कुकरच्या शिट्ट्या टेप केल्या. म्हणाले, तुझ्यापेक्षा कुकर लयीत आहे."

मला हसू आवरेना. तोही हसला, पण राग गेला नव्हता.

"कमळबाईंच्या गाण्याला मला तबला वाजवू दिला नाही," तो म्हणाला. "समुद्र वाजतोय तेवढा पुरे, म्हणाले. ती टेप मला कधी ऐकवलीसुद्धा नाही. सकाळी स्वयंपाकघरात लावून बसायचे."

"म्हणजे गाणं तुम्हाला येतच नाही?"

"येतं की! क्लासमध्ये सगळ्यांना शिकवलं होतं." त्याने मांडीवर ठेका धरला आणि म्हणून दाखवलं.

होरी आयली गो, होरी आयली,
कोन कोन आयला?
गणा आयला, पांडू आयला,
धर्मा आयला, लवू आयला...

"यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की काका पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतायचे. खरंच ओतायचे! लोकांचं गाणं आहे, म्हणायचे, तुमच्या बापाचं नाही. एक मुलगी पांडू विसरली तर तिला शंभरदा 'पांडू आयला' म्हणायला लावलं."

"वर्षश्राद्धाच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"जेवून स्वयंपाकघरात आडवा झालो होतो. तिथली फरशी गार असते." मग त्याच्या लक्षात आलं. "अहो, मी काय तांदूळ उपसत बसलो होतो की काय?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. तांदळाचं मी त्याला सांगितलंच नव्हतं.

त्याचा चेहरा पडला. "असं बघू नका. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला, क्षमाला. त्या डब्याला हात लावला म्हणून काकांचा मार खाल्लाय मी."

ते खरं असावं. मार खाल्ल्याचं लोक उगाच सांगत नाहीत.

धोंडिरामचं दुकान साकीनाक्याला, एका पत्र्याच्या गाळ्यात. एका बाजूला लेथ मशीन कोकलतंय, दुसरीकडे कुणी डबे ठोकतंय आणि मध्ये हा कानाला हेडफोन लावून शांत बसलेला. बुवांची ट्रंक त्याच्याकडेच होती. सगळ्या टेपा कॅसेटवर उतरवून द्यायला प्रेमाने सांगितलं होतं.

"कोळणीची टेप ट्रंकेत नाय," तो म्हणाला. "सगळ्या ऐकल्या मी. एकीत कावळे आहेत. एकीत पाण्याचा पंप, त्याच्याशी तानपुरा जुळवलाय. वेडा माणूस, पण काय कान होता, यार!"

"तुम्ही वर्षश्राद्धाला स्वयंपाकघरात गेला होतात?"

"मी? मी ट्रंक उचलली, जेवलो, सटकलो. श्राद्धाचं जेवण झकास होतं. भात क्षमाताईंनी केला होता." मग त्याने हेडफोन काढला. "तुम्हाला कळलं का नाही? क्षमाताईंची कॅसेट येतेय. बुवांनी त्या तरुण होत्या तेव्हा त्यांचं एक गाणं टेप केलं होतं, ते सापडलंय म्हणे. कोळीगीत आहे, होडीवरचं."

४

क्षमा वैद्य घाटकोपरला राहते. चाळिशीची, ताठ, अंगावर कडक इस्त्रीची साडी. बोलणं असं, की आपण आपोआप पाय जवळ घेऊन बसतो. अठरा वर्षं बुवांकडे शिकली. लग्न केलं नाही. भिंतीवर बुवांचा फोटो, त्याला ताजा हार.

"कमळबाईंचं रेकॉर्डिंग वेगळं, माझं वेगळं," तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. मी अजून विचारलंही नव्हतं.

"गाणं तेच?"

"तेच. बुवांनी आधी त्यांचं टेप केलं, मग माझं. मी बावीस वर्षांची होते तेव्हा. ऐकायचंय?"

तिने मशीनवर स्पूल चढवलं. चढवताना टेपच्या वेटोळ्यांतून काहीतरी पांढरं टपकन मशीनच्या झाकणावर पडलं. तिने पदराने पुसून टाकलं. तांदळाचा दाणा होता. मला काय तांदूळ ओळखता येत नाही?

मग आवाज सुरू झाला, आणि खरं सांगते, मी दाणा-बिणा सगळं विसरले. मागे लाटांचा आवाज. पुढे एक बाई गातेय, मोकळ्या गळ्याने, कुणाला दाखवायला नव्हे. जणू समोर खरंच होडी येतेय आणि त्यात माणसं किती आहेत ते दिसत नाहीये.

होरी आयली गो, होरी आयली,
कोन कोन आयला?
गणा आयला, पांडू आयला,
... आयला, लवू आयला...

तिसऱ्या जागी नाव नव्हतं. आवाज थांबला, लाट ऐकू आली, आणि मग नुसतंच "आयला". मागे कुणीतरी बायका दबक्या आवाजात हसल्या. पुढच्या फेरीतही तसंच, त्याच जागी.

"ही रिकामी जागा ऐकलीत?" क्षमाचे डोळे भरून आले होते. "बुवांची प्रतिभा ती. तिथे शब्द नाही, समुद्र आहे. न आलेल्या माणसाची जागा आहे. कॅसेट कंपनीचे लोकसुद्धा थक्क झाले. मी कव्हरवर त्याबद्दल लिहिणार आहे."

"फारच छान," मी म्हटलं. "मागे हसतंय कोण?"

"क्लासच्या मुली असतील."

"आणि टेपमध्ये तांदूळ कसा?"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "माझीही टेप बुवांनी तांदळातच ठेवली होती. मला देण्याआधी. त्यात काय विशेष?"

प्रेमा म्हणते एकच टेप तांदळात होती, ही म्हणते दोन होत्या. बुवा गेले, कमळमावशींचा गळा गेला. वीस वर्षांपूर्वीचा आवाज कोणाचा हे आता सिद्ध कसं करायचं? मावशी म्हणतील माझा, ही म्हणेल माझा, आणि लोक इस्त्रीच्या साडीवर विश्वास ठेवतील. जिना उतरताना मी स्वतःलाच शिव्या घातल्या. नाक वर करून शब्द द्यायला कोणी सांगितलं होतं?

कॅसेटचं कव्हर सोमवारी छापायला जाणार होतं.

५

दोन दिवस माझं घरात लक्ष नव्हतं. भाजी करपली. नवऱ्यावर ओरडले. सासूबाई म्हणाल्या, "कुठल्या नवऱ्यामुलाने एवढं छळलंय तुला?"

शनिवारी सकाळी गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. मी आत पीठ मळत होते. गॅसचा नंबर अजून सासऱ्यांच्याच नावावर. ते जाऊन बारा वर्षं झाली, पण ते नाव बदलायला कोण जातंय?

"नाव काय, आजी?" गॅसवाला विचारत होता.

सासूबाई गप्प.

"आजी, नाव सांगा ना. कुणाच्या नावावर आहे?"

"सुलू, ये गं जरा बाहेर," सासूबाईंनी हाक मारली. "याला नाव सांग."

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले, नाव सांगितलं, आणि तिथेच उभी राहिले. गॅसवाला पैसे मागतोय, सासूबाई माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि माझ्या कानात लाट वाजतेय. रिकामी जागा. आणि मागे दबकं हसणाऱ्या बायका.

"अगं बाई," मी म्हटलं. "अगं बाई गं!"

"काय झालं? परत भाजी करपली की काय?"

"सासूबाई, तुमच्या पाया पडते," मी म्हटलं, आणि खरंच पडले. पीठ त्यांच्या साडीला लागलं. मग हात धुऊन चपला घातल्या आणि प्रेमाला फोन करायला खाली वाण्याकडे पळाले. "संध्याकाळी सगळ्यांना बाबांच्या घरी बोलाव. मधुकरला सांग, तबला घेऊन ये. आणि क्षमाताईंना सांग, टेप घेऊन या, शेवटचं एकदा सगळ्यांनी मिळून ऐकू."

६

बुवांच्या खोलीत सतरंजी घातली होती. मधुकर तबला ठोकून सुरात आणत होता. धोंडिराम मशीनपाशी. प्रेमा दाराशी, रुमाल पिळत. क्षमा बुवांच्या रिकाम्या आसनासमोर ताठ बसलेली.

"टेप नंतर ऐकू," मी म्हटलं. "क्षमाताई, आधी तुम्ही एकदा समोर गा. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"आता? रियाज नाही झाला या गाण्याचा बरीच वर्षं."

"बुवांची जागा आहे. त्यांच्यासाठी गा."

यावर ती नाही म्हणू शकली नाही. डोळे मिटले. मधुकरने ठेका धरला. ती छान गायची हो, अगदी सुरेल. गळा वेगळा होता, पण वीस वर्षांत गळा बदलतोच, ते मी धरून नव्हते. एक फेरी झाली, तिसऱ्या जागी ती थांबली, टेपसारखीच. मी मधुकरला खूण केली. त्याने लय वाढवली. दुसरी फेरी, तिसरी. क्लासमध्ये बुवा असंच पळवायचे म्हणे. क्षमा गाण्यात बुडाली, मान डोलायला लागली.

गणा आयला, पांडू आयला,
धर्मा आयला, लवू...

ती थांबली. मधुकरचा हात तबल्यावर तसाच राहिला.

"चुकले," ती म्हणाली.

"नाही चुकलात," मी म्हटलं. "आता बरोबर गायलात. बुवांनी तुम्हाला असंच शिकवलं. चारही नावं, एक अक्षर गाळलं तर डोक्यावर तांब्या. पांडू विसरली ती मुलगी कोण होती?"

"मीच," क्षमा पुटपुटली.

"पांडू विसरल्यावर शंभरदा म्हणायला लावणारा माणूस तुम्हाला धर्मा गाळू देईल? आणि तेही टेप चालू असताना? टेपवरच्या बाईने नाव गाळलंय आणि बुवांनी ते तसंच ठेवलंय. म्हणजे तिथे बुवांचंही काही चाललं नाही. तुमच्या तोंडात ते नाव आपोआप आलं, क्षमाताई. तिच्या तोंडात ते मेली तरी आलं नसतं."

"का?" हे प्रेमाने विचारलं.

"कारण धर्मा तिचा नवरा आहे."

धोंडिरामने कपाळावर हात मारला. "आयला! आमची आई पण असंच करते."

"सगळ्यांचीच करते. म्हणून मागे बायका हसतायत. तुमच्या क्लासच्या मुली नव्हेत त्या, वेसाव्याच्या कोळणी आहेत. होडीची काळजी असतानाही चेष्टा करतायत, बघा बघा, नाव घेत नाही. मी मावशींच्या घरी गेले, नवऱ्याचं नाव विचारलं, तर त्यांनी लसणाची पाकळी दाखवली. मी बावळट, ते बघूनही मला कळलं नाही. सासूबाईंना गॅसवाल्यासमोर गप्प बसलेलं बघितलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला."

क्षमा बुवांच्या आसनाकडे बघत होती. ताठ पाठ हळूहळू वाकली.

"मी तिथे समुद्र ऐकत होते," ती म्हणाली, आणि रडू लागली.

मला वाटलं होतं मी चिडेन. पण नाही चिडता आलं.

"भातासाठी डब्यातून तांदूळ काढले तर हाताला टेपचं खोकं लागलं," ती म्हणाली. "एकदा ऐकून परत ठेवणार होते. शप्पथ. रोज सकाळी मी इथे चहा करायचे आणि ते ही टेप लावायचे. म्हणायचे, क्षमा, असं गा. अठरा वर्षं! माझी एक ओळसुद्धा त्यांनी टेप केली नाही. ती माझ्या घरी लावली होती, तेव्हाच कॅसेट कंपनीचा माणूस काही कामासाठी आला. मी आत होते, टेप चालू होती. तो म्हणाला, ताई, हा तुमचा आवाज? काय आवाज आहे! मला असं कुणी कधीच म्हटलं नव्हतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले."

मधुकर उठून तिच्याजवळ जाऊन बसला. "माझा तर सोलो पुसून कुकर टेप केला," तो म्हणाला. ती रडता रडता हसली.

"आता काय करणार तुम्ही?" तिने मला विचारलं. "पोलीस?"

"पोलीस म्हणतील दुसरी टेप घ्या," मी म्हटलं. "उद्या हळद आहे. तुम्ही स्वतः टेप घेऊन यायचं आणि मावशींना सांगायचं. कंपनीलाही तुम्हीच सांगायचं, सोमवारी कव्हर छापायच्या आत."

"त्या मला दारात उभं करतील?"

ते मला ठाऊक नव्हतं. मी तसं तिला सांगितलं.

७

वेसाव्यात मांडव घातला होता. बँडवाले जेवायला बसले होते, पोरं त्यांचे बाजे वाजवून बघत होती. शेवंती हळदीने पिवळी, पाटावर. धोंडिरामने मशीन टेबलावर ठेवून वायर ओढली.

क्षमा कमळमावशींच्या पायाशी बसली आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. आसपासच्या बायकांतली एक कंबरेला पदर खोचून पुढे सरसावली, मला वाटलं आता इथे राडा होणार.

मावशींनी हात वर केला. बाई थांबली.

"बुवा वंगाल व्हता," मावशी कुजबुजल्या. "मना पन नाय बोलला कधी, बरी गातंस म्हनून. आज कलला." मग त्यांनी क्षमाची हनुवटी वर केली. "तू गातंस ना? मग माज्यासंगती गा. माजा गला मागं, तुजा फुरं. पन गप नको बसू तितं. तुजा दादला हाय का तो? तू नाव घे."

सगळा मांडव हसला. क्षमासुद्धा.

"आधी आजीचा एकटीचा," शेवंतीने बजावलं. "मना आयकायचाय."

धोंडिरामने बटण दाबलं. लाटा आल्या, आणि मग तो आवाज. पोरांनी बँडचे बाजे खाली ठेवले. शेवंती आजीकडे बघत होती, एकदा मशीनकडे, पुन्हा आजीकडे. तिच्या गालावरची हळद ओली झाली. "हा तुजा?" ती म्हणाली. "आजी, हा तुजा गला?" मावशींनी नुसती मान हलवली.

तिसऱ्या जागी आवाज थांबला. टेपवरच्या बायका हसल्या आणि इकडे मांडवातल्याही हसल्या, त्यातल्या काही त्याच असाव्यात. मग त्यांना ऊत आला. "नाव घे, कमळ! नाव घे! आता तरी नाव घे! नातीच्या हळदीला घे!" टाळ्याच सुरू झाल्या.

मावशी लाजल्या. एवढ्या मोठ्या बाईला तसं लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढची फेरी आली. गणा आयला. पांडू आयला. टेपवरचा आवाज थांबला. मावशींनी मांडवाच्या पलीकडे पाहिलं, जिथे धर्मा नाखवा खांबाला टेकून बसला होता, आणि ओठ हलवले. आवाज आला नाही. शेजारी बसलेल्या मलाही काही ऐकू आलं नाही.

पण तो तिच्या तोंडाकडेच बघत होता.

"आयलो गो," धर्मा मोठ्याने म्हणाला. "आयलो, आयलो."